वणव्याचा ब्लोअर जूनमध्येच सांभाळा

आपल्याकडे वणव्याचा सीझन साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून, आणि मग वणवा विझवायचं सगळं सामान तसंच कोपऱ्यात पडतं, तिथेच घोळ होतो बघा. ब्लोअर, म्हणजे जोराच्या हवेने पालापाचोळा उडवणारं पेट्रोलचं मशीन, ठेवायच्या आधी त्याच्या टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा, मग स्टार्ट करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या म्हणजे कार्बोरेटरमध्ये थेंब राहत नाही, नाहीतर आजकालच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पावसाळ्यात पाणी सुटतं आणि ऐन वणव्यात दोरी ओढून ओढून हात दुखतात पण मशीन काही चालू होत नाही. एअर फिल्टर साफ करा, टॉर्चचे सेल काढून ठेवा. बुटांना बुरशी येते, मधेमधे ऊन दाखवा. आणि वणवा विझवायला जाताना कपडे सुतीच हां, नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. दिवाळीनंतर एकदा सगळं चालवून बघाच.