पोटदुखीतल्या या चुका टाळा: दुर्बिणीच्या ऑपरेशनची वेळ निघून जाण्याआधी

गौरी जेवल्या, तिखटाचा दिवस झाला, कोंबडीवडे मनसोक्त खाऊन घर झोपलं आणि रात्री दीड-दोनला कुणीतरी पोट धरून उठलं, की पहिला शब्द निघतो तो ‘गॅस’. मग ओव्याची चिमूट, आमसुलाचं पाणी, बेंबीभोवती हिंगाचा लेप. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. ज्या रात्री भागत नाही, त्या रात्रीचे सहा-आठ तास मात्र ‘अजून थोडं बघू’ म्हणण्यात जातात. पुढचं ऑपरेशन तीन छोट्या छिद्रांतून होणार की पोटावर वीतभर छेद घ्यावा लागणार, हे बऱ्याचदा त्या तासांतच ठरतं.

दुर्बिणीच्या, म्हणजे लॅप्रोस्कोपीच्या ऑपरेशनात कार्बन डायऑक्साइड भरून पोट तंबूसारखं फुगवतात आणि अर्धा ते एक सेंटिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून कॅमेरा व हत्यारं आत घालतात. पित्ताशयाचं असं पहिलं ऑपरेशन भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केलं. आज चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीतही ती होतात. पण आत पू पसरला असेल, आतडी फुगली असतील किंवा अवयव एकमेकांना चिकटले असतील, तर कॅमेऱ्याला दिसायला जागाच उरत नाही. अशा वेळी सर्जन पोट उघडतो, आणि त्या घडीला तेच बरोबर असतं.

दुखण्याला नाव आधी, निरीक्षण नंतर

‘पित्त खवळलं’, ‘नळ भरले’, ‘बेंबी सरकली’ असं एकदा घरात ठरलं, की पुढे कुणी नीट बघत नाही. त्याऐवजी घड्याळ बघून कागदावर लिहा: दुखणं किती वाजता आणि कुठे सुरू झालं, आता कुठे आहे, कळ येऊन जाते की सलग आहे, उलटी आधी झाली की दुखणं आधी, शेवटचा वारा कधी सरला, ताप किती. हा कागद डॉक्टरला फार उपयोगी पडतो.

माणूस पडतो कसा, तेही बघा. मुतखड्याची कळ आली की माणूस गडबडा लोळतो, उठतो, फेऱ्या मारतो, त्याला कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही. पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आली असेल तर उलट होतं. तो पाय पोटाशी घेऊन निपचित पडतो, खोकायला घाबरतो, कुणी खाटेला धक्का दिला तरी कळवळतो. निपचित पडलेला रुग्ण ‘शांत झाला’ असं समजणं ही मोठी चूक आहे.

अपेंडिक्स म्हणजे फक्त उजवीकडे, हा समज

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी बोटासारखी बंद नळी. तिचं दुखणं बहुधा बेंबीभोवती मोघम सुरू होतं. भूक मरते, मळमळतं, एखादी उलटी होते. काही तासांनी, कधी दिवसभराने, ते उजव्या ओटीपोटात सरकतं आणि तिथे ठाम बसतं. बेंबीपासून उजव्या कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढा आणि तिचे तीन भाग करा. हाडाकडचा पहिला भाग जिथे संपतो, तिथे बोट टेकवलं की सर्वांत जास्त दुखतं. घरी वारंवार दाबून मात्र बघू नका, एकदा पुरे. दाबण्याऐवजी खोकायला सांगा किंवा टाचा उचलून जमिनीवर आपटायला सांगा. दवाखान्याच्या वाटेवर रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आदळली की नेमक्या त्याच जागी कळ येते का, हेही डॉक्टरला आवर्जून सांगा.

घोळ होतो तो अपेंडिक्स नेहमीच्या जागी नसलं की. ते मोठ्या आतड्याच्या मागे असेल तर दुखणं कमरेत जाणवतं आणि मुतखडा समजून औषध सुरू होतं. खाली ओटीपोटात लोंबत असेल तर पातळ शौच आणि लघवीला जळजळ होते, आणि जुलाबाच्या गोळ्या पोटात जातात. गरोदर बाईत दुखणं वर सरकलेलं असू शकतं. लहान मुलांत आणि म्हाताऱ्या माणसांत चित्र अर्धवटच दिसतं, त्यांच्याबाबतीत वाट कमी बघावी.

सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही म्हणजे ते चांगलं आहे असं नाही. रिपोर्टमध्ये ‘अपेंडिक्स दिसून आलं नाही’ असं असेल तर त्याचा अर्थ तेवढाच घ्या. लक्षणं ठाम असतील तर डॉक्टर काही तासांनी पुन्हा तपासतात किंवा सीटी स्कॅन सांगतात.

रात्रभर ठसठसणारं पोट पहाटे अचानक हलकं वाटलं, की घरचे निःश्वास टाकतात. तो क्षण सर्वांत फसवा असतो. तुंबलेलं अपेंडिक्स फुटल्यावर आतला दाब उतरतो आणि थोडा वेळ बरं वाटतं. मग ताप चढतो, नाडी जलद होते, पोट सगळीकडे दुखू लागतं. उपचाराविना हे बराच काळ ताटकळलं तर फुटण्याचा धोका वाढत जातो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत तिथे पूचा गोळाही बनलेला असू शकतो. काही निवडक रुग्णांना नुसत्या अँटिबायोटिक्सवर ठेवतात हे खरं आहे, पण तो निर्णय स्कॅन बघून सर्जन घेतो. मेडिकलमधून आणलेल्या चार गोळ्यांना तो उपचार म्हणता येत नाही.

एरंडेल आणि पोट चोळणं

‘पोट साफ झालं की उतरेल’ म्हणून एरंडेल दिलं जातं, नाहीतर चोळणाऱ्याला बोलावतात. अपेंडिक्स सुजलेलं असताना किंवा आतड्याला पीळ पडलेला असताना जुलाब देणं म्हणजे बंद नळीत जोर लावणं. राहून राहून येणारी कळ, फुगत चाललेलं पोट, आधी पिवळी मग हिरवी उलटी, आणि वारासुद्धा सरत नाही, असं जुळलं तर आतडं अडल्याची शंका घ्या. ज्याच्या पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण आहे त्याच्याबाबतीत अधिकच, कारण त्या ऑपरेशननंतर आत चिकटलेल्या पट्ट्यांत आतडं अडकू शकतं.

वेदनाशामकाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. रुग्णालयात डॉक्टरने दिलेल्या इंजेक्शनने निदान चुकत नाही, तेव्हा तिथे वेदना सोसत बसू नका. घरी दर चार तासांनी डायक्लोफिनॅक घेऊन दोन दिवस काढणं मात्र घातक. अशा गोळ्यांनी जठराला व्रण पडतो आणि तो फुटूही शकतो. सुरी खुपसल्यासारखं अचानक दुखणं आणि फळीसारखं कडक पोट झालं तर एक मिनिटही घरी थांबू नका.

पित्ताच्या खड्याला कुळथाचा काढा

कोकणात ही चूक घरोघर दिसते. ‘खडा’ म्हटलं की मुतखडा डोळ्यांपुढे येतो आणि कुळथाचं कढण, पानफुटीची पानं सुरू होतात. मुतखडा लघवीच्या वाटेवर असतो; पित्ताचा खडा यकृताखालच्या पिशवीत. त्या पिशवीला लघवीच्या वाटेचा काहीच संबंध नाही. कढण पिऊन नुकसान होणार नाही, पण त्या भरवशावर महिने जातात. तेल आणि लिंबूरस पिऊन ‘खडे शौचातून पडले’ असं दाखवणारे व्हिडिओ फिरतात. ते हिरवट गोळे त्या तेलाचेच साबणासारखे गोळे असतात.

पित्ताशयाची कळ उजव्या बरगडीखाली किंवा वर मधोमध येते, तुपट-तेलकट जेवणानंतर, बहुधा रात्री. अर्धा तास ते काही तास टिकते, उजव्या खांद्याकडे किंवा पाठीत जाते, आणि ढेकर दिला, शौचाला जाऊन आलं तरी उतरत नाही. गॅसपासून ही वेगळी ओळखायची खूण हीच. कळ सहा तासांहून जास्त टिकली आणि ताप आला तर पित्ताशयाला सूज आली असं धरून चला. सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी जा. वाटेत चहा घेतला तर पिशवी आकसते आणि छोटे खडे नजरेतून सुटू शकतात.

खडा दिसला पण कधीच दुखलं नाही, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. एकदा कळ येऊन गेल्यावर मात्र पुन्हा येण्याचा संभव मोठा असतो आणि मग पित्ताशय काढणं हाच पक्का उपाय. पिशवी तशीच ठेवून नुसते खडे का काढत नाहीत, असं पुष्कळ जण विचारतात. पिशवी राहिली तर खडे पुन्हा होतात, म्हणून.

सर्वांत वाईट गोंधळ काविळीत होतो. डोळे पिवळे दिसले की माणूस थेट झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे जातो. खडा पिशवीतून निसटून पित्तनलिकेत अडकला तरी कावीळ होते. लघवी गडद, शौच मातकट पांढुरकं, अंगाला खाज, आणि त्यात थंडी वाजून ताप आला तर ते जंतुसंसर्गाचं लक्षण, आणि ते जिवावर बेतू शकतं. नलिकेतला खडा बहुधा तोंडातून दुर्बीण घालून, ईआरसीपी करून काढतात आणि मग पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. पथ्याचा दहीभात खात आठवडा काढायचा हा आजार नव्हे.

आणि हे विसरू नका: वरच्या पोटात दुखतंय, दरदरून घाम, धाप, जबडा किंवा हात जड, रुग्णाला मधुमेह किंवा वय चाळिशीपुढे, तर आधी ईसीजी. हृदयविकाराचा झटका ‘पित्त’ म्हणून घरी राहिल्याने माणसं दगावतात.

अंतर्गळाला पट्टा

रापण ओढणारे, जांभ्याचे चिरे उचलणारे, हंगामात आंब्याच्या पेट्या चढवणारे यांच्यात जांघेतला फुगवटा, म्हणजे अंतर्गळ किंवा हर्निया, बराच दिसतो. उभं राहिलं, खोकलं की वर येतो, आडवं पडलं की आत जातो. पट्टा बांधून तो दाबला जातो, बरा होत नाही, कारण पोटाच्या भिंतीतली फट तशीच असते. तिथे जाळी बसवतात, दुर्बिणीतून किंवा उघडून. जुना खोकला, बद्धकोष्ठता, लघवीला जोर लावावा लागणं याचा उपचार आधी करून घ्या, नाहीतर जाळीवर पुन्हा तोच ताण येतो.

रोज आत जाणारा फुगवटा एके दिवशी जाईनासा झाला, कडक आणि लालसर झाला, उलटी सुरू झाली, तर आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटत चालला आहे. जोराने आत ढकलू नका. मेलेलं आतडं पोटात जाऊ शकतं. बायकांत जांघेखालचा सुपारीएवढा गोळा लाजेने लपवला जातो, आणि अडकण्याचा धोका त्यातच जास्त असतो. तान्ह्या मुलाची बेंबी बाहेर आली तर ती बहुतेक वेळा चार-पाच वर्षांत आपोआप बसते, तिच्यावर नाणं बांधू नका, कातडी चिघळते. जांघेतला फुगवटा मात्र आपोआप बसत नाही. आणि मुलगा ओटीपोट दुखतं म्हणाला तर त्याचे वृषणही तपासायला लावा. वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं.

पाळीचा प्रश्न न विचारणं

मूल होण्याच्या वयातल्या कुठल्याही बाईचं ओटीपोट दुखत असेल, तर शेवटची पाळी कधी आली हे विचारा आणि लघवीची गर्भचाचणी करा. नसबंदी झालेली असली तरीही. पाळी चुकलेली, एका बाजूला दुखणं, थोडा रक्तस्राव, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, यात गर्भ नळीत राहून नळी फुटली असण्याची शक्यता आहे. अचानक एका बाजूला तीव्र कळ आणि लगेच उलट्या हे अंडाशयाला पीळ पडल्याचं असू शकतं. दोन्हींत दुर्बिणीने उपचार होतात, पण तास मोजकेच असतात.

अंतर हिशेबात न धरता वाट बघणं

शहरातला माणूस मध्यरात्री निर्णय घेऊ शकतो. दाभोळहून गुहागरला रात्री उशिरा फेरीबोट नसते. पावसात कुंभार्ली, आंबा किंवा करूळ घाटात दरड आली की कराड-कोल्हापूरची वाट बंद. तेव्हा दुपारी सुरू झालेलं दुखणं संध्याकाळपर्यंत वाढतच असेल तर उजेडातच निघा. १०८ ला फोन करा. निघण्याआधी रुग्णालयात फोन करून तीन गोष्टी विचारा: सर्जन आहेत का, भूलतज्ज्ञ रात्री येतात का, सोनोग्राफी होईल का. यातलं एक ‘नाही’ आलं तर पुढच्या गावाचं बघा. नाहीतर तिथून पुढे पाठवण्यात तीन-चार तास जातात.

सोबत जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, रेशनकार्ड आणि आधार घ्या. राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात कागदपत्रांना मदत करणारा आरोग्यमित्र असतो, त्याला भरतीच्या वेळीच भेटा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. निघाल्यापासून रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका, फक्त ओठ ओले करा. दूध हे पाणी नव्हे. भुलीच्या हिशेबात ते जेवणातच धरतात. मधुमेहाची गोळी उपाशीपोटी घ्यायची का, ते फोनवर विचारून घ्या.

ऑपरेशननंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या वायूमुळे, चालल्यावर उतरतो. पण घरी आल्यावर पोटदुखी वाढत गेली, ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी परत जा.