मुलांकडून लेखन करवून घेताना या चुका टाळा

तिसरी-चौथीच्या वर्गात ‘माझी शाळा’ हा निबंध दिला की बहुतेक वह्यांत ‘माझी शाळा मला खूप आवडते’ हेच वाक्य सापडतं. मुलांना सुचत नाही, असं आपण म्हणून टाकतो. पण विषयच एवढा मोठा असतो की सुरुवात कुठून करावी ते त्यांना कळत नाही. त्यापेक्षा ‘मधल्या सुट्टीत नळापाशी’ हा विषय द्या. ‘आमचे पुणे’ नको. ‘पर्वतीच्या 103 पायऱ्या चढताना मी कुठे दमलो’ यावर मुलं भरभरून लिहितात.

विषय सांगून लगेच वह्या उघडायला लावू नका. आधी दहा मिनिटं जोडीजोडीनं बोलू द्या. जे तोंडी सांगता येत नाही, ते कागदावरही येत नाही. बोलण्यातून आलेले शब्द फळ्यावर लिहा, पूर्ण वाक्यं मात्र नकोत. ती जशीच्या तशी उतरवली जातात.

सगळ्यात जास्त नुकसान लाल पेनानं होतं. समजा, एका मुलानं लिहिलं: ‘मी आजीबरोबर मंडईत गेलो. एक काकु मेथीवर पानी मारत होत्या.’ आपण ‘काकु’ आणि ‘पानी’भोवती गोल करून वही परत देतो. पुढच्या वेळी तो येतील तेवढेच शब्द वापरून तीन ओळींत काम उरकतो. त्याऐवजी त्याला विचारा, “पाणी कशानं मारत होत्या रे?” तो सांगेल, “बाटलीच्या झाकणाला भोकं पाडली होती.” मग म्हणा, “हेच लिही की!” मेथीची जुडी आता वाचणाऱ्याला दिसायला लागते.

शुद्धलेखन सोडून द्यायचं नाही, पण एका वेळी एकच नियम घ्या. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार सहसा दीर्घ असतो: काकू, लाडू, भाजी. आठवडाभर मुलांनी आपल्याच वहीत असे शब्द शोधून स्वतः दुरुस्त करावेत. ‘आणि’सारखे अपवाद त्यानंतर. ‘पानी’चा प्रश्न वेगळा आहे. पुण्यातल्या वर्गांत कितीतरी मुलांच्या घरी हिंदी बोलतात, काहींच्या घरच्या मराठीतही ‘पानी’च म्हणतात. तिथे मुलाच्या बोलीला चूक ठरवू नका. “पुस्तकात ‘पाणी’ असं लिहितात” एवढं सांगितलं तरी पुरे.

सहलीच्या वर्णनात हमखास ‘मग’ची रांग लागते: मग बसमध्ये बसलो, मग सारसबाग आली, मग गणपती बघितला, मग भेळ खाल्ली. ‘मग’ खोडत बसू नका. यातली एकच गोष्ट निवडायला सांगा, समजा भेळ. हातात काय होतं, तिखट लागल्यावर काय केलं, शेजारी कोण होतं? चार वाक्यं तिथेच थांबून लिहायची.

अक्षराचं वळण आणि स्वतःचं लेखन एकाच तासात तपासू नका. वळणासाठी दुरेघी वही वेगळी ठेवा.

आणि “बाई, काय लिहू?” म्हणत कोणी बसून राहिलंच, तर त्याचं पहिलं वाक्य त्यानं सांगावं, तुम्ही लिहून घ्यावं. दुसऱ्या वाक्याला पेन्सिल त्याच्या हातात द्या.