गव्हाच्या पेरणीआधी वाळवीचा बंदोबस्त (ग्वाल्हेर परिसर)

बाजरी, तीळ निघाले, गहू तोंडावर आला. घाटीगावकडच्या हलक्या, कोरडवाहू रानात वाळवीचा त्रास जास्त. डबऱ्याकडे भाताखाली पाणी साचलेल्या शेतांत तो कमी दिसतो.

बांधावरचं वारूळ फावड्याने उडवलं की काम झालं, असं मानणारे पुष्कळ आहेत. ती मेहनत फुकट जाते. त्या बांधकामाला मुकादम नसतो, नकाशाही नसतो. आंधळी कामकरी वाळवी लाळेत कालवलेली मातीची गोळी ठेवते. ताजी गोळी दिसेल तिथे नव्हे, जाणवेल तिथे दुसरी आपली गोळी चिकटवते. तसे खांब चढतात, वर वाकतात, कमानी जुळतात. झालेलं कामच पुढचं काम सांगतं, असं फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर-पॉल ग्रासे यांनी १९५९ मध्ये मांडलं. त्यामुळे वरून भोक पाडलं की मजूर तिथेच जमतात आणि ते लिंपून टाकतात. राणी आत जाड भिंतीच्या कोठडीत सुखरूप. वारूळ काढायचंच असेल तर तिच्यापर्यंत खणा, नाहीतर हात लावू नका.

आत त्यांची बुरशीची बाग असते. वाळलेला काडीकचरा आणून त्यावर बुरशी वाढवायची आणि तीच खायची. (पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी याच बुरशीची.) म्हणून धसकटं वेचा, आणि कच्चं शेणखत शेतात टाकू नका, ते वाळवीला आमंत्रणच. कुजलेलं खत, जमल्यास हेक्टरी १० क्विंटल निंबोळी पेंड घाला. पलेवा (पेरणीआधीचं पाणी) करूनच पेरा.

खरा खर्च बियाण्यावर करा. किलोमागे क्लोरपायरीफॉस २० ईसी ४.५ मिली किंवा थायोमेथोक्झाम ७० डब्ल्यूएस १ ग्रॅम, दोन्हींपैकी एकच. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, जिवाणू खत शेवटी. हातमोजे घाला, बी सावलीत सुकवा. उरलेलं बी दळायला किंवा कोंबड्यांना अजिबात नको.

पहिलं पाणी विसाव्या-एकविसाव्या दिवशी चुकवू नका. कोरड्या जमिनीत वाळवी जोर धरते. पिवळं रोप अलगद उपटून आलं आणि मूळ कुरतडलेलं, मातीने लिंपलेलं दिसलं तर ते रोपच घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. ओंब्या पांढऱ्या पडल्यावर मात्र औषधावर पैसे घालण्यात अर्थ उरत नाही.