अनिश्चित काळात सोनं-चांदी आणि नाणी घेताय? या चुका टाळा

गोव्यातल्या जुन्या माणसांना बांको नासियोनाल उल्त्रामारिनुची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. 1961 साली पोर्तुगीज राजवट संपली, तेव्हा गोवेकरांनी या बँकेत गहाण ठेवलेले सोन्याचे दागिने लिस्बनला नेले गेले. ते परत यायला 1991 उजाडलं. तीस वर्षं सोनं सोनंच राहिलं, त्याचा भावही वाढला, पण ज्यांच्या अडीनडीसाठी ते होतं त्यांच्या हाताशी ते नव्हतं.

युद्धाची बातमी येते, सरकार डळमळतं, रुपया घसरतो आणि लोक सराफाकडे धाव घेतात. धातू चांगला की वाईट यावर तासन् तास चर्चा होते. ज्यांचं नुकसान होतं, त्यांचं ते बहुधा धातूमुळे होत नाही. घाईत घेतलेली वस्तू, हरवलेली पावती आणि न विचारलेला प्रश्न यांमुळे होतं.

बातमी ऐकली की त्याच दिवशी दुकान गाठणं

रशियानं युक्रेनवर हल्ला केला फेब्रुवारी 2022 मध्ये. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जागतिक बाजारात सोनं औंसाला 2,070 डॉलरच्या आसपास पोचलं. युद्ध थांबलं नाही, तरी त्याच वर्षी सप्टेंबर संपेपर्यंत भाव 1,650 डॉलरच्या खाली आला होता. म्हणजे बातमी खरी होती, भीतीही खरी होती, आणि त्या आठवड्यात घेणारा तरीही अडकला. आपल्याकडे डॉलर महागल्यामुळे रुपयातली पडझड इतकी जाणवली नाही, एवढाच काय तो दिलासा.

राजकारणाचा दुसरा फटका घरातूनच बसतो. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आलं आणि त्याच दिवशी भाव कोसळला. आदल्या दिवशी घेतलेल्यांना काय वाटलं असेल! आणि 8 नोव्हेंबर 2016 ची रात्र तर सगळ्यांना आठवते. नोटा खपवायला म्हणून चालू भावापेक्षा कितीतरी जास्त दरानं सोनं घेतलं गेलं.

ठरवलेली रक्कम सहा-आठ महिन्यांत विभागून घ्या. चढ्या भावात आधीच घेऊन बसला असाल तर घाबरून लगेच विकू नका. घेतानाचा खर्च तुम्ही भरून बसला आहात. विकताना दुसरी कात्री लागेल.

त्या कात्रीचा हिशेब न करणं

उदाहरण म्हणून समजा, दहा ग्रॅम चोख सोन्याचा भाव एक लाख आहे. नाण्यावर घडणावळ 4 टक्के धरली तर झाले 1,04,000. त्यावर 3 टक्के जीएसटी, एकूण 1,07,120 रुपये. दुसऱ्याच दिवशी विकायला गेलात आणि दुकानदारानं 2 टक्के कापले तर हातात 98,000. काहीही न घडता नऊ हजार गेले. भाव सुमारे 9.3 टक्के वाढेल तेव्हा कुठे तुम्ही मूळ पदावर याल. दागिन्यात हे अंतर याहून बरंच मोठं असतं, कारण मजुरी कधीच परत मिळत नाही. एकेक ग्रॅमची चिमुकली नाणी भेट द्यायला छान, पण साठवायला महाग. प्रत्येक ग्रॅममागे घडणावळ आणि पाकीट यांचा खर्च जास्त पडतो.

बँकेतून घेतलेलं नाणं बँक परत विकत घेत नाही, हे फार जणांना विकायच्या वेळीच कळतं. बँकेच्या नावाचा भरवसा म्हणून जास्त पैसे मोजायचे आणि शेवटी जायचं आपल्या शेटकडेच, म्हणजे सराफाकडे. मग शेटलाच आधी विचारा: "हे तुम्ही परत घ्याल का, किती कापाल, आणि ते पावतीवर लिहून द्याल का?" जो लिहून देतो, त्याच्याकडून घ्या. साधं वेढणं (वळं) घेतलंत तरी हाच प्रश्न विचारा.

कर्जाचंही तसंच आहे. सोन्याच्या बिस्किटावर बँका कर्ज देत नाहीत. नाण्यांवर मिळतं, तेही 50 ग्रॅमच्या मर्यादेत. अडचणीत तारण ठेवायचं या हिशेबानं बिस्किटं घेणाऱ्याचा तिथे घात होतो.

हॉलमार्क बघितला, पण तपासला नाही

1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय तो विकता येत नाही. बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरो, या संस्थेच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक टाका. सराफाची नोंदणी, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. समोर 'अंगठी' आलं आणि तुमच्या हातात पाटली असेल तर तिथेच थांबा. हा नियम दागिने आणि वस्तूंचा आहे. नाण्याच्या बाबतीत शुद्धता (हजारात 999 किंवा 995 भाग), वजन, टांकसाळीचं चिन्ह आणि सीलबंद पाकिटावरचा क्रमांक पावतीशी जुळतो का ते पाहा. ते पाकीट कौतुकापोटी फोडू नका. विकताना न फोडलेल्या पाकिटावर वाद कमी होतात.

घेतलेल्या दागिन्याबद्दल शंका आली तर बीआयएस-मान्य हॉलमार्किंग केंद्रात थोड्या शुल्कात तपासणी करून मिळते. कस कमी निघाला तर कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचं शुल्क मागायचा हक्क आहे. पावती मात्र हवी.

चांदी म्हणजे स्वस्तातलं सोनं, असं समजणं

जानेवारी 1980 मध्ये चांदी औंसाला 50 डॉलरच्या जवळ गेली आणि कोसळली. एप्रिल 2011 मध्ये पुन्हा तिथवर जाऊन पुन्हा कोसळली. तो टप्पा ओलांडायला ऑक्टोबर 2025 यावं लागलं. चांदीचा मोठा वापर कारखान्यांत होतो, सोलर पॅनेलपासून इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत, त्यामुळे मंदीच्या भीतीनं ती सोन्यासारखी टिकून राहीलच असं नाही. त्याच ऑक्टोबरात चांदीचे ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात विकले जाणारे फंड, आतल्या चांदीच्या किमतीपेक्षा चढ्या भावानं विकले जात होते आणि काही फंड घराण्यांनी नवीन एकरकमी पैसे घेणंच तात्पुरतं थांबवलं. ईटीएफ घेताना बाजारभाव आणि त्याची आतली किंमत, म्हणजे आयएनएव्ही, शेजारी ठेवून बघा. अंतर जास्त असेल तर त्या दिवशी घेऊ नका. ॲपवरच्या 'डिजिटल गोल्ड'बद्दल एकच सांगते: ते सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, देखरेखीखाली येत नाही, असा इशारा सेबीनंच नोव्हेंबर 2025 मध्ये दिला आहे.

जुनं नाणं म्हणजे मौल्यवान धातू, हा गैरसमज

गोव्यात हा प्रकार जास्त, कारण इथे जवळपास प्रत्येक जुन्या घरात एखाद्या डब्यात पोर्तुगीज रुपिया, तांगा निघतात. आणि हणजूणच्या बुधवारच्या बाजारापासून इंटरनेटपर्यंत त्यांना 'शुद्ध चांदीचं दुर्मीळ नाणं' म्हणून विकणारेही आहेत.

दोन नाणी शेजारी ठेवा. एक 1947 ची रुपिया, दुसरी 1952 ची. दिसायला बरीच सारखी. 1947 च्या रुपियात चांदी निम्मी आहे. 1952 ची तांबं-निकेलच्या मिश्रधातूची, तिच्यात चांदी औषधालाही नाही. लोहचुंबकाला दोन्ही चिकटत नाहीत, त्यामुळे ती घरगुती परीक्षा इथे निरुपयोगी. साल वाचायचं, बस्स. त्याउलट 1881-82 ची पोर्तुगालचा राजा दों लुईश याची रुपिया किंवा 1935 ची रुपिया 917 कसाच्या (हजारात 917 भाग) चांदीची आहे. ब्रिटिश नाण्यांतही हेच: राणी छाप रुपया 11.66 ग्रॅमचा आणि 917 कसाचा, 1940 पासूनच्या राजा छापात चांदी निम्मी, आणि 1947 चा रुपया तर निव्वळ निकेलचा. तो मात्र लोहचुंबकाला टुणकन चिकटतो.

नाण्याला दोन किमती असतात, धातूची आणि संग्राहकाची. संग्राहकाची किंमत नाण्याच्या अवस्थेवर आणि दुर्मीळपणावर ठरते, आणि ती देणारा गिऱ्हाईक अडचणीच्या आठवड्यात दारात उभा नसतो. आणीबाणीसाठी पैसे ठेवायचे असतील तर संग्राहकाची किंमत मोजून नाणं घेऊ नका. आवड म्हणून घ्यायचं तर जरूर घ्या, फार सुंदर नाणी आहेत ही, पण तो हिशेब वेगळ्या वहीत लिहा.

'ईस्ट इंडिया कंपनी 1818' असं कोरलेलं रामदरबाराचं नाणं लाखांना घ्यायला कुणी तयार झालं, तर हे ध्यानात असू द्या की कंपनीनं असं चलनी नाणं कधी पाडलेलंच नाही. 'तुमच्या जुन्या नोटेला लाखो रुपये, आधी कमिशन भरा' असे फोन येतात, त्यात रिझर्व्ह बँकेचं नाव घेतलं जातं. बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय की अशा व्यवहारात ती पडत नाही आणि कुणाला अधिकारही दिलेला नाही. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी आशा कमी.

चतुर्थीच्या साफसफाईत सापडलेली नाणी चिंच, रांगोळी नाहीतर टूथपेस्ट लावून घासली जातात. असं करू नका. काळपट थर गेला की संग्राहकाच्या लेखी निम्मी किंमत तरी गेलीच समजा. आपल्याकडच्या पावसाळ्यात दुसरा त्रास होतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो. तो दिसला तर नाणं शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा, न घासता बाहेर काढा आणि डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन वाळवा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतो. काम खिडकी उघडी ठेवून आणि विस्तवापासून लांब करा. नंतर नाणी मायलार या प्लास्टिकच्या पाकिटात, सोबत सिलिका जेल.

शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. लिस्बनला किंवा लंडनला असलेल्या मुलाला आजोबांची आठवण म्हणून बॅगेत घालून देण्याआधी नाण्यावरचं साल वाचा.

पावती न ठेवणं, रोखीचा मोह धरणं

निवडणुकीची आचारसंहिता लागली की गोव्याच्या वेशीवरच्या पत्रादेवी, पोळे, मोले इथल्या तपासणी नाक्यांवर भरारी पथकं असतात. बेळगावहून किंवा सावंतवाडीहून लग्नाचं सोनं घेऊन येणाऱ्या कुटुंबाकडे बिल नसेल तर ते जप्त होऊ शकतं. जप्त झालं तर वाद घालत बसू नका. पंचनाम्याची प्रत घ्या, बिलं गोळा करा आणि जिल्हा पातळीवरच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा.

'बिल नको, तीन टक्के वाचतील' ही सूचना कधीच स्वीकारू नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड घेणं सराफाला कायद्यानं मना आहे. आणि बिल नसेल तर विकताना खरेदीची किंमत कशी सिद्ध कराल? सोनं-चांदी दोन वर्षांहून जास्त ठेवून विकली तर नफ्यावर 12.5 टक्के दीर्घकालीन भांडवली कर लागतो. खरेदी दाखवता आली नाही, तर नफा किती यावरून वाद ठरलेला.

लॉकरमध्ये ठेवलं आणि घरात कुणाला सांगितलं नाही

आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत लॉकरमधल्या वस्तू गेल्या, तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. भाडं 3,000 असेल तर तीन लाख. आत वीस लाखांचं सोनं असलं तरी तीनच. उरलेल्याचा विमा तुम्हाला काढावा लागेल, आणि विमा कंपनी फोटो, वजन आणि पावत्या मागेल.

गोव्यात आणखी एक गोष्ट आहे जी महाराष्ट्रातल्या लेखांत वाचायला मिळणार नाही. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर इथल्या नागरी कायद्यानं, काही अपवाद सोडता, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. नवऱ्याच्या नावावर पावती असलेल्या सोन्यातही बायकोचा निम्मा वाटा आहे. मुलं असतील तर आपल्या वाट्याच्या निम्म्यापेक्षा जास्त मृत्युपत्रानं एकाला देता येत नाही. लॉकरचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त ताबा घेतो. वाटणी शेवटी इन्व्हेंटरीत, म्हणजे कोर्टातल्या वारसा-वाटणीच्या प्रक्रियेत होते, आणि यादीच नसेल तर भावंडं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

म्हणून आत्ताच यादी करा. प्रत्येक वस्तूचं वजन ग्रॅममध्ये लिहा. जुन्या कागदांवरचा तोळा 11.66 ग्रॅमचा असतो आणि आजचा सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, तेव्हा नुसतं 'पाच तोळे' लिहू नका. शेजारी एचयूआयडी किंवा नाण्याचं साल, आणि पावतीचा फोटो. एक प्रत लॉकरबाहेर ठेवा, कारण किल्ली कुठे आहे हेच कुणाला माहीत नसेल तर आतली यादी वाचणार कोण.