संगोपन रजा पुरवून वापरा

ग्वाल्हेरच्या लष्करात (पेठ हो, फौज नव्हे!) आमच्या शेजारच्या काकूंची सून हवाई दलात आहे, अधिकारी नाही. "एवढी रजा फक्त ऑफिसर बायकांना," असं काकू परवापर्यंत धरून बसल्या होत्या. तो भेद संपवणाऱ्या प्रस्तावाला नोव्हेंबर 2023 मध्येच संरक्षणमंत्र्यांनी मंजुरी दिली. हुद्दा कोणताही असो, महिलेला पूर्ण पगारी 180 दिवस प्रसूती रजा, दोन मुलांपर्यंत. एक वर्षाखालचं मूल कायदेशीर दत्तक घेतलं तरी 180 दिवस.

खरी गोम आहे ती बालसंगोपन रजेत. ती अख्ख्या नोकरीत मिळून 360 दिवस, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. पहिल्याच वर्षी सगळी उडवू नका. बाळ तान्हं असताना आजी, मावशी, आत्या धावून येतात. दहावीच्या वर्षी किंवा बदलीच्या गावी पोर तापाने फणफणलं की कोणी नसतं.

प्रसूती रजेचा अर्ज मात्र लवकर द्या, तोही लेखी, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या दाखल्यासह. बाळंतपण माहेरी असेल तर तिथला पत्ता अर्जातच लिहा, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.