नवख्याच्या हातात पहिलं लाटणं: लेथ क्लबची संध्याकाळ कशी घ्यावी

इंग्लंडच्या मिडलँड्स भागात, गावच्या सार्वजनिक हॉलमध्ये महिन्यातून एकदा आमचा कातकाम क्लब भरतो, म्हणजे लेथ या यंत्रावर लाकूड फिरवून त्याला हत्याराने आकार देणाऱ्यांचा. मी मूळची सांगलीची, इथल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, आणि आता क्लबमधल्या नव्या सभासदांची जबाबदारी माझ्याकडे आहे. एवढ्या काळात माझं एक मत पक्कं झालंय. पहिल्या भेटीत जो नुसता खुर्चीवर बसून दुसऱ्याचं काम बघतो, तो पुन्हा क्वचित फिरकतो. ज्याने स्वतःच्या हाताने एक लांब ढलपी काढली, तो पुढच्या महिन्यात दहा मिनिटं आधीच हजर असतो. म्हणून आमच्याकडे नवख्याला त्याच संध्याकाळी लेथपाशी उभं करतात, आणि मी त्याच्याकडून लाटणं करून घेते.

ब्रिटनमध्ये कातकामाची शिखरसंघटना १९८७ पासून आहे. रे की (Ray Key) हे कातारी तिचे संस्थापक अध्यक्ष. अमेरिकेतली तशीच संघटना एक वर्ष आधीची, १९८६ ची. दोन्हीकडे गावोगावच्या क्लबांची यादी मिळते. जवळचा क्लब शोधा, आधी कळवून पाहुणे म्हणून जा आणि लेथ स्वतःच्या हाताने चालवायला मिळेल का, हे स्पष्ट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरा क्लबही बघून घ्या.

आता आयोजकांसाठी. तयारी आदल्या दिवशीच करून ठेवायची. नवख्याची अर्धी संध्याकाळ लाकूड शोधण्यात जाता कामा नये. लाटण्यासाठी चार सेंटिमीटर जाडीचा चौकोनी, छत्तीस सेंटिमीटर लांब, पूर्ण सुकलेला तुकडा घ्यावा. गाठ नको, चीर नको, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हवी. आमच्याकडे सिकमोर नावाच्या झाडाचं लाकूड वापरतात. फिकट, घट्ट, वास नाही, चव नाही, त्यामुळे इथल्या स्वयंपाकघरात हेच लाकूड पूर्वीपासून चालत आलंय. ॲश या झाडाचं लाकूड मात्र लाटण्याला घेऊ नये. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये ॲशच्या झाडांवरचा बुरशीचा रोग आढळला आणि तेव्हापासून झाडं इतकी तोडली जातात की लोक ओंडके फुकट आणून देतात. पण त्या लाकडाची छिद्रं मोठी, त्यांत कणीक अडकते. ॲशचे हत्यारांचे दांडे करावेत, ते उत्तम होतात. यूचं लाकूड दिसायला फार देखणं, पण ते झाड विषारी, म्हणून अन्नाच्या भांड्याला ते आम्ही बंदच ठेवलंय.

तुकड्याच्या दोन्ही टोकांना कर्ण आखा. रेषा छेदतात तो मध्य. एका टोकाला दातेरी ड्राइव्ह सेंटर, म्हणजे लेथचा लाकूड पकडून फिरवणारा भाग, ठेवून लाकडी हातोडीने ठोकून खूण पाडा. हे काम टेबलावर करायचं. लेथवर चढवून ठोकलं तर धक्का बेअरिंगला बसतो. मग तुकडा लेथवर चढवा, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) पुढे आणून घट्ट करा, टूलरेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) लाकडापासून पाचसहा मिलिमीटरवर आणि मध्यरेषेच्या किंचित खाली लावा. बटण दाबण्याआधी तुकडा हाताने पूर्ण एक फेरी फिरवून बघा. कोपरा कुठे घासतोय का? नवखा स्वतः फिरवतो, मी फक्त बघते. ही सवय पहिल्याच दिवशी लागली पाहिजे.

कपड्यांबद्दल मी अगदी कडक आहे. सैल बाही कोपरापर्यंत दुमडलेली, केस घट्ट बांधलेले, ओढणी आणि स्कार्फ पिशवीत. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र सगळं उतरवून ठेवायचं, आणि त्यासाठी मी झाकणाचा डबा जवळ ठेवते. हातमोजे मुळीच नकोत. फिरत्या लाकडात मोजा अडकला की मागोमाग हात ओढला जातो. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, पायात बंद बूट. लेथ सुरू करताना लाकडाच्या रेषेत उभं राहायचं नाही, एका बाजूला राहायचं.

हत्यार एकच द्यायचं: रफिंग गाऊज, म्हणजे चौकोनी तुकडा गोल करायची पन्हाळीच्या आकाराची पटाशी, पंचेचाळीस अंशाच्या आसपास धार लावलेली. ही धार मी स्वतः लावून आणते, कारण बोथट हत्याराने शिकणारा जोर लावायला शिकतो, आणि ती सवय सुटता सुटत नाही. त्याला हेही सांगून ठेवायचं की हे गाऊज फक्त अशा लांबट कामासाठी. वाडग्यावर ते कधीही लावायचं नाही, कारण त्याचा मुठीत जाणारा भाग बारीक असतो आणि मोडू शकतो.

वेग सुरुवातीला मिनिटाला हजार फेऱ्या. आधी हत्यार टूलरेस्टवर टेकवा, मग धारेमागची उतरती बाजू, म्हणजे बेव्हल, लाकडावर नुसती घासू द्या. काही कापलं जाणार नाही, फक्त टकटक आवाज येईल. आता मूठ हळूहळू वर उचला. धार लाकडाला भिडते आणि ढलपी सुटायला लागते. या क्रमात अदलाबदल चालत नाही. पहिला काप टोकापासून थोडं आत घेऊन टोकाकडे न्यायचा, बाहेरून आत शिरायचं नाही. मग थोडं मागे येऊन पुन्हा टोकाकडे. मनगट वळवून काम होत नाही. कोपर पोटाशी धरून अख्खं अंग एका पायावरून दुसऱ्या पायावर सरकवावं लागतं, जात्यावर दळणारी बाई जशी अंगाने झुलते तसं. मी मागे उभी राहून तोंडाने सांगते. शिकणाऱ्याच्या हातावर हात ठेवणं टाळावं, कारण मग वजन कुणी पेलायचं हे त्याच्या अंगाला कळतच नाही.

टकटक थांबून आवाज एकसारखा झाला की तुकडा गोल झाला. लेथ बंद करून हात फिरवून खात्री करा, मग वेग दीड हजारावर न्या. कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) तीस मिलिमीटरवर लावून मधला भाग त्या मापाला आणा आणि दोन्ही टोकांकडे उतार द्या. टोकं वीस मिलिमीटरची पुरतात. काप नेहमी जाडाकडून बारकाकडे. उलट गेलात तर तंतू उचकटतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. लाकडावर पोलादी पट्टी उभी धरून पलीकडून उजेड बघा. जिथे उजेड दिसतो तिथे खड्डा आहे, तेवढ्या मापाला आजूबाजूचं उतरवा. इथले सभासद विचारतात की तुमचं लाटणं इतकं बारीक कसं, त्यांचं तर मनगटाएवढं जाड असतं. नाताळच्या आधीच्या बैठकीत मी हॉलच्या स्वयंपाकघरात तवा ठेवते आणि ज्याने जे लाटणं केलं त्यानेच त्याला पोळी लाटायला लावते. पोळी कडेपर्यंत एकसारखी पातळ करायची तर मधला फुगीरपणा आणि टोकांचा उतार का लागतो, हे तेव्हा हाताला समजतं. पुढच्या महिन्यात बरेच जण आपलं लाटणं पुन्हा लेथवर चढवून सुधारतात.

काचपेपर मारण्याआधी टूलरेस्ट काढून ठेवा आणि वेग कमी करा. १२०, १८०, २४०, ३२० असा क्रम, एकही नंबर गाळायचा नाही. २४० नंतर ओल्या कागदाने लाकूड पुसा, तंतू उभे राहतील. सुकल्यावर पुढचा नंबर. पुसायला कागदच, कापड नको; कागद फाटून सुटतो, कापड गुंडाळलं जातं. मास्क या वेळी सर्वांत महत्त्वाचा. लाकडाच्या बारीक धुळीने दमा होतो, आणि कठीण लाकडाच्या धुळीचा संबंध नाकाच्या कर्करोगाशी आहे. इथल्या कारखान्यांत अशा धुळीची कमाल मर्यादा घनमीटरला ३ मिलिग्रॅम आहे. आम्ही बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ दर्जाचा मास्क देतो आणि धूळ ओढणारं यंत्र लावूनच सुरुवात करतो. लाटण्याला पॉलिश नको, फार तर खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल. अक्रोडाचं तेल चांगलं सुकतं, पण कुणाच्या घरी कुणाला ॲलर्जी असेल ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून क्लबमध्ये ते आम्ही ठेवत नाही.

मग चहा. अर्धा तास, आणि यात काटछाट होऊ देत नाही. आमच्यातले बरेच जण एकटे राहतात. काहींची जोडीदारं गेली. तब्येतीबद्दल थेट विचारलं तर ते गप्प बसतात, पण हातात दुसऱ्याचा वाडगा दिला की बोलतात, आणि बोलता बोलता गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीचा घटस्फोट, सगळं निघतं. म्हणून कामं मांडायचं टेबल चहाच्या शेजारीच लावावं. नवख्याचं लाटणं त्याच टेबलावर, जुन्या कसबी लोकांच्या कामांमध्ये ठेवायचं. वेगळा कोपरा द्यायचा नाही. बोलणाऱ्याने आधी काय जमलंय ते नेमकं सांगावं, मग सुधारण्याची एकच गोष्ट. ‘छान’ म्हणून पुढे गेलेलं मला चालत नाही, मी परत बोलावते. हॉलचं भाडं निघावं म्हणून लाकडाच्या तुकड्यांची सोडतही याच वेळी होते, आणि नवख्याला पहिलं तिकीट क्लबकडून.

सांगली, कोल्हापूर, नाशिक, कुठेही असं मंडळ सुरू करता येईल. पलंगाचे पाय आणि देव्हाऱ्याचे खांब कातणारे कारागीर आपल्याकडे आहेत. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी घडवणारे हात आहेत. पहिला लेथ विकत घेण्याआधी अशा एखाद्या कारागिराकडे जा. सुटीच्या दिवशीचे दोन तास रीतसर पैसे देऊन मागा, आणि शिकवण्याचे पैसे वेगळे द्या. सरावाला सुकलेलं आंब्याचं लाकूड चालेल, शिसम नंतर. एका लेथमागे चार माणसं पुरेत. एक कापतो, एक शेजारी उभा राहून बघतो, एक काचपेपर मारतो, एक धार लावायला शिकतो, आणि वीस मिनिटांनी जागा बदलायच्या. भुसा झाडून, वायर गुंडाळून सगळे घरी निघण्याआधी पुढच्या वेळचे चार तुकडे कापून त्यांवर पेन्सिलने नावं लिहून ठेवा.