तीन गाणी तयार असल्याशिवाय पहिलं सोडू नका: स्वतंत्र पॉप गायकाचं पुनरागमन

दोन-चार वर्षं गप्प असलेला स्वतंत्र गायक परततो तेव्हा बहुतेक वेळा हातात एकच गाणं असतं. ते पूर्ण झालं की राहवत नाही. जुने श्रोते आठवडाभर ऐकतात, कौतुक करतात, आणि पुढचं गाणं यायला आठ महिने लागतात. तोवर त्यांचं लक्ष उडालेलं असतं आणि अ‍ॅपच्या शिफारशीही थंडावलेल्या असतात. म्हणून तीन गाणी मास्टर होऊन (म्हणजे शेवटचे ध्वनिसंस्कार पूर्ण होऊन) हातात येईपर्यंत पहिल्याची तारीख ठरवू नये. पाच-सहा आठवड्यांच्या अंतराने ती सोडली की साधारण साडेतीन महिने हजेरी लागते आणि तेवढ्या वेळात चौथ्याचं काम मार्गी लागतं.

गाणी लिहिण्याआधी गळा तपासा. बंद पडलेल्या गळ्याची पहिली तक्रार वरच्या सुरांची नसते, श्वासाची असते. पूर्वी एका दमात जाणारी ओळ मध्येच तुटते, मग शेवटचे शब्द दाबून काढले जातात आणि घसा बसतो. सुरुवातीला रोज तासभर ओरडण्यापेक्षा दिवसातून दोनदा १५ मिनिटं बसा. ओठ फुरफुरवत खालून वर, वरून खाली सरकायचं. मग बारीक स्ट्रॉ तोंडात धरून, हवं असल्यास तिचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवून, त्यातून सूर काढायचा. स्ट्रॉमुळे हवेचा थोडा दाब मागे राहतो आणि स्वरतंतू एकमेकांवर न आपटता जुळतात. असे सहा ते आठ आठवडे गेल्यावरच पूर्ण ताकदीने गा. सतत खाकरण्याची सवय सोडा, त्यात तंतू एकमेकांवर घासतात. पाणी गाण्याच्या वेळी घटाघट पिऊन फारसा उपयोग नाही, कारण प्यायलेलं पाणी तंतूंवरून जातच नाही. ते शरीरात मुरायला वेळ लागतो, म्हणून दिवसभर पीत राहा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर घरगुती उपाय थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र पाहून घ्या.

पट्टी ठरवताना अभिमान बाजूला ठेवावा लागतो. ध्रुवपदातला सर्वात वरचा सूर थकलेल्या आवाजात सलग दहा वेळा लागला पाहिजे. लागत नसेल तर हार्मोनियमच्या काळी चारचं गाणं पांढरी पाचवर आणा, तरी जड गेलं तर काळी तीनवर. पण हे संगीत संयोजन सुरू होण्याआधी करा. तयार ट्रॅक सॉफ्टवेअरने दोन अर्धस्वर खाली ओढला की गिटार आणि ड्रम मऊ, चिकट ऐकू येतात.

आता कंटाळवाणा, पण सर्वाधिक घोटाळ्यांचा भाग: जुनी गाणी. आधी ती अजून वाजतायत का ते पाहा. डिस्ट्रिब्युटर म्हणजे तुमची गाणी स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर पोहोचवणारी कंपनी; वार्षिक शुल्क घेणारे काही डिस्ट्रिब्युटर नूतनीकरण चुकलं की गाणी काढून टाकतात, आणि सूचना जाते ती कधीच न उघडल्या जाणाऱ्या जुन्या ईमेलवर. डिस्ट्रिब्युटर बदलायचा असेल तर प्रत्येक रेकॉर्डिंगचा १२ अक्षर-अंकांचा ओळख-कोड (आयएसआरसी), प्रकाशनाचा बारकोड क्रमांक (यूपीसी), शीर्षकाचं नेमकं स्पेलिंग आणि मूळ तारीख लिहून ठेवा. नव्या ठिकाणी तीच ऑडिओ फाइल त्याच कोडसह चढवा, दोन्ही आवृत्त्या शेजारी दिसू लागल्या की मगच जुनी उतरवा. क्रम उलटा झाला किंवा नवा आयएसआरसी पडला, तर आजवरचे आकडे आणि प्लेलिस्टमधल्या जागा जाण्याची शक्यता असते. गाणं नव्याने गायलं किंवा रीमास्टर केलं तर मात्र नवा कोड लागतो. पूर्वी लेबलशी, म्हणजे संगीत कंपनीशी, करार झाला असेल तर पुन्हा रेकॉर्ड करण्यावरच्या बंदीची मुदत संपली का, हे करारातच वाचा. आठवणीवर विसंबू नका.

नाव जुनंच, स्पेलिंगही जुनंच ठेवा. अपलोड करताना आपल्या कलाकार-पानाची लिंक हाताने निवडा. नाहीतर गाणं त्याच नावाच्या भलत्याच कलाकाराच्या पानावर उगवतं, दुरुस्तीला काही दिवस जातात, आणि नेमके तेच दिवस महत्त्वाचे असतात.

हक्कांचा कागद रेकॉर्डिंगआधी करायचा. गीत-संगीत हा एक हक्क, ध्वनिमुद्रण हा दुसरा. दोन्हींचे टक्के वेगळे लिहा, प्रत्येकाची बेरीज १०० झाली पाहिजे, सगळ्यांच्या सह्या हव्यात. भाड्याने घेतलेल्या बीटच्या (तयार वाद्यसंगीताच्या) परवान्यात बहुधा मुदत आणि वाजण्याची मर्यादा असते. तोच बीट इतरांनीही घेतलेला असतो, म्हणून असं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे तुमचं संगीत इतरांच्या व्हिडिओंत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, टाकू नका. तुमचा दावा दुसऱ्यांच्या गाण्यांवर जाईल आणि वाद तुमच्या गळ्यात पडेल.

घरी गात असाल तर माइकपासून १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि मध्ये पॉप फिल्टर लावा. गाद्या-रजया बहुतेक जण माइकच्या मागे टांगतात. माइक कार्डिऑइड असेल तर तो समोरचं ऐकतो, म्हणजे तुम्ही आणि तुमच्या पाठीमागची भिंत; जाड कापड आधी पाठीमागे हवं. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वात मोठा सूर उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये ठेवा. मीटर लाल करण्यात काही मिळत नाही. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी साठवण्याचं प्रमाण) ६४ किंवा १२८ सॅम्पलवर ठेवा, नाहीतर हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो आणि लय मागे ओढली जाते. हेडफोनमध्ये आपलाच आवाज फार मोठा असेल तर माणूस नकळत जपून, दबून गातो. तो कमी करा किंवा एक कान मोकळा ठेवा. एका बैठकीत चार ते सहा पूर्ण टेक घ्या. त्यानंतरचे टेक थकव्याचे असतात, निवडताना ते क्वचितच उपयोगी पडतात. ध्रुवपदाला दोन डबल (तीच ओळ पुन्हा गाऊन केलेले ट्रॅक) गाऊन डावी-उजवीकडे टाकलेत तर त्यांतले ‘स’ आणि ‘च’ कापून हलके करा, नाहीतर प्रत्येक ओळीच्या टोकाला सापाचा फुत्कार ऐकू येतो.

मिक्सला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवायला, पाठवताना ते शून्यापासून सुरू होणारे आणि एकाच सॅम्पल रेटचे हवेत, सोबत टेम्पो लिहिलेला हवा, आणि एकत्रित आवाजावर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर दाबणारं साधन) नको. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) पातळीवर आणून वाजवतं. उणे ८ पर्यंत ठोकलेलं मास्टर तिथे सहा डेसिबलने खाली येतं आणि त्याचा फक्त सपाटपणा उरतो. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, चौकोनी. त्यावर वेबसाइटचा पत्ता किंवा सोशल मीडियाचे लोगो टाकलेत तर ते परत येईल.

तीनपैकी पहिलं कोणतं? ‘मी परत आलोय’ सांगणारं गाणं पहिलं सोडण्याचा मोह टाळा. तुम्ही गेला होतात हे नव्या श्रोत्याला माहीतच नसतं. स्पॉटिफायवर ३० सेकंदांआधी पुढे ढकललेलं गाणं मोजलं जात नाही, म्हणून ज्यात आवाज दहा-बारा सेकंदांत येतो ते पुढे काढा आणि लांब प्रस्तावनेचं तिसरं ठेवा.

नवी गाणी जगभर शुक्रवारी येतात, ही पद्धत जुलै २०१५ पासूनची. अपलोड चार आठवडे आधी करा. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट संपादकांकडे गाणं प्रकाशनापूर्वीच, आणि एका वेळी एकच, पाठवता येतं. किमान सात दिवस आधी पाठवलं तर ते अनुयायांच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्येही जातं. वर्णनाला ५०० अक्षरांची जागा असते. तिथे मनोगत नको. भाषा, वाद्यं, मूड, गाणं कुठे वाजेल आणि तुम्ही काय प्रसिद्धी करणार आहात, एवढं पुरे.

गाणं ठरावीक वेळा वाजवून देण्याची हमी विकणाऱ्या प्लेलिस्टवाल्यांपासून दूर राहा. बनावट ऐकणं पकडलं गेलं की आकडे वजा होतात, गाणं उतरू शकतं, आणि डिस्ट्रिब्युटरला बसलेला दंड तो तुमच्यावर ढकलू शकतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीही मिळत नाही. सगळे जुने डेमो झाडून चढवायचा विचार असेल तर हा आकडा आधी डोळ्यांसमोर आणा.

पहिला कार्यक्रम अर्ध्या तासाचा, सात-आठ गाण्यांचा पुरे. दोन जुन्यांमागे एक नवं, आणि पहिलं नवं तिसऱ्या क्रमांकावर: गळा तापलेला असतो, लोक अजून बसलेले असतात.

प्रत्येक गाण्याचे २८ दिवसांचे आकडे एका वहीत उतरवा: किती जणांनी ऐकलं, किती जणांनी जतन केलं, ते आले कुठून. पहिल्याला ऐकणारे जास्त आणि दुसऱ्याला जतन करणारे जास्त असतील, तर चौथं दुसऱ्याच्या जातीचं घ्या.